दोन वाजताची टिक

घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात आयसीयूची एक रीत होती. ड्यूटीवर आल्या आल्या पेशंट कुशीवर वळवल्याचा तक्ता संध्याकाळपर्यंतचा भरून टाकायचा. आठला डावी कूस, दहाला उताणा, बाराला उजवी. टिक, टिक, टिक. काम मागाहून, जमलं तर. कारण मागाहून पेन धरायला हात रिकामा कुणाचा? व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर, असं भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. श्रुतिकाकडे चार पेशंट आणि सुट्टीशिवायचा अकरावा दिवस.

सकाळी अंग पुसायला तिने तीन नंबरच्या दशरथकाकांना मावशींच्या मदतीने कुशीवर घेतलं. एकाच बाजूवर पडून पडून माकडहाडावर तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती.

तिने कालचा तक्ता काढला. सगळ्या टिका तिच्याच. खरं तर तिने काकांना एकदाच वळवलं होतं, आठ वाजता. दहाला ती आली होती, पण तक्त्यावर टिक दिसली, आणि झालंय असं समजून पुढे गेली. स्वतःच मारलेल्या टिकेने तिलाच फसवलं! बाराला तेच, दोनला तेच.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. महिनाभर काहीच येत नव्हतं; पेशंटचं नावसुद्धा नाही, फक्त नंबर. आज मात्र राग आला.

कालच्या पानावर तिने आडवं लिहिलं, ‘आठनंतरच्या टिका खोट्या. एकदाच वळवलं.’ खाली सही ठोकली. आजच्या पानावर आठची टिक खरी होती. दहाला दुसरे हात मिळाले नाहीत. तिथे लिहिलं, ‘वळवलं नाही. चार पेशंट, एक सिस्टर.’ बाराचं काम साडेबाराला झालं, तर साडेबाराच लिहिले.

इनचार्ज वनमालाताईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. “अगं बये, तीनला तपासणीवाले येतायत! आपण सगळ्याच भरतो ना? तू एकटीच काय हरिश्चंद्र?”

“सगळ्याच भरतो, म्हणून तर चार पेशंट देतात. कागदावर सगळं झकास आहे ना!”

“नोकरी जाईल.”

“काकांची कातडी गेलीच की.”

दोनला पाच मिनिटं असताना पद्मजा मॅडम आल्या. नर्सिंगच्या सगळ्यांत वरच्या. कडक इस्त्रीची साडी, हातात नवे कोरे तक्ते. “पान बदल.”

“पान बदलते मॅडम. पाठ कशी बदलू?”

“माणसं काय झाडाला लागलीत, तोडून देऊ तुला? उद्यापासून येऊ नकोस.”

श्रुतिकाने घड्याळाकडे बघितलं. “उद्याचं उद्या. आत्ता दोन वाजलेत. ताई दोन नंबरच्या पेशंटची श्वासाची नळी साफ करतायत. दुसरे हात तुमचेच. चादर धरा.”

मॅडमनी दाराकडे बघितलं, मग काकांकडे. शेवटी तोंड वाकडं करून हातमोजे चढवले.

“एक, दोन, तीन!”

काका वळले आणि जखम थेट मॅडमसमोर आली. “आई गं,” त्या पुटपुटल्या. वीस वर्षं विसरलेला हात आपोआप उशीकडे गेला आणि त्यांनी उशी बरोबर पाठीमागे खुपसली.

श्रुतिकाने दोनच्या रकान्यात टिक केली, सही केली आणि पेन पुढे धरलं. “दोघींच्या सह्या लागतात. नियम तुमचाच.”

“मी सही केली, तर वरचं सगळं मी वाचलं असं होईल.”

“होऊ दे की.”

मॅडमनी हात मागे घेतला. इतक्यात वनमालाताई हातमोजे ओढून काढत आल्या. “सरका जरा मॅडम. दहाला मी दुसरीकडे अडकले होते, ते खरंय.” त्यांनी ‘वळवलं नाही’च्या खाली झरझर सही केली आणि पेन श्रुतिकाच्या हातात परत दिलं.

श्रुतिकाने ते पुन्हा मॅडमपुढे धरलं.

“घ्या. चारला परत वळवायचंय.”