दोघांचं मिळून एक बीपी

"बोलू नकोस. बोललीस की आकडा चढतो," पंपवाले म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळला, गळक्या पाइपला गुंडाळावा तसा घट्ट.

"मी कुठे बोलतेय? मघापासून तुम्हीच बोलताय," बाई ओठांत धरलेल्या टाचण्यांमधून म्हणाल्या. मांडीवर कुणाची तरी उसवलेली पॅंट होती आणि पट्टा फुगत असतानाही त्यांची नजर तिच्या खिशावरच होती.

पंपवाल्यांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना याच नावाने हाक मारत, आणि त्यांनाही ते आवडे. बाई कपडे दुरुस्त करून देत. फाटकं, आखूड, सैल, जे येईल ते. त्यांचं शिवणयंत्र पायाने चालवायचं होतं. ते चालवता चालवता उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जिना त्या कठडा धरून एकेक पायरी करत उतरत, आणि अलीकडे तर यंत्रावर बसलं तरी पाय उचलवत नसे. यंत्र बंद म्हणजे बाई बंद, हे घरात दोघांनाही माहीत होतं. म्हणून गुडघा बदलायचं ठरलं.

पण तिथेच घोडं अडलं. बाईंचं बीपी थोडं वर होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं की रोज घरी मोजा, आकडे हॉस्पिटलच्या पोर्टलवर भरा, काही आठवडे ते ताळ्यावर राहिले की ऑपरेशनची तारीख देऊ.

पोर्टल हा शब्द ऐकून बाईंनी कानावर हात ठेवले. पंपवाल्यांचे मात्र डोळे चमकले. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे पुन्हा आकडे मागत होतं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीने फोनवरून खातं उघडून दिलं. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, हे ऐकून पंपवाले म्हणाले की आपल्या तिजोरीलासुद्धा कुणी एवढं विचारलेलं नाही. लेक म्हणाली, आपल्याकडे तिजोरी नाहीये, बाबा.

पहिल्या आठवड्यात त्यांनी पोर्टलचा अगदी फडशा पाडला. रक्ततपासणीचे रिपोर्ट उघडले, पुढच्या भेटीची वेळ पक्की केली, गोळ्या संपायच्या आत नव्या मागवल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मोबाइल दाखवत. शेजारच्या न्हाव्याला तर त्यांनी बाईंचं हिमोग्लोबिनही सांगितलं. त्यावरून घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही.

रोज सकाळी चहाआधी ते बाईंचं बीपी घेत, मग स्वतःच्या दंडाला पट्टा लावत आणि मग चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी हिशेब करत आकडा भरत. बाईंना वाटे, नवरा मशीन तपासून बघतोय. जुनी सवय.

दोन आठवड्यांनी पोर्टलवर डॉक्टरांचा निरोप आला. बीपी अजून जास्तच आहे, गोळी वाढवतो आहोत. बाईंनी निमूट वाढीव गोळी घेतली. पुन्हा काही दिवसांनी तोच निरोप, पुन्हा गोळी वाढली. तारखेचं नाव नाही. बाईंनी लोणचं सोडलं, पापड सोडला, मीठ एवढं कमी केलं की जेवताना पंपवाल्यांचा चेहरा पाहवेना. आकडा मात्र हटून बसला होता.

आणि मग बाईंना गरगरायला लागलं. एकदा उठताना त्यांनी कपाट धरलं. एकदा तर त्यांनी गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशाचं तोंडच शिवून टाकलं, आणि तो माणूस दारात उभा राहून खिशात हात घालायला बघतोय, हात काही जात नाही. बाई हसल्या, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे ते ऑपरेशन. माझ्या नशिबात नाही असं दिसतंय."

पंपवाल्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी लगेच एका बोटाने पोर्टलवर लिहिलं: 'पत्नीस चक्कर येते. प्रेशर जास्तच. काय करावे ते कळवावे.' सकाळी हॉस्पिटल उघडताच सिस्टरांचा फोन आला. ताबडतोब या.

सिस्टरांनी बाईंचं बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. दुसऱ्या दंडाला घेतलं. मग त्यांनी समोरच्या पडद्यावर पाहिलं आणि बाईंकडे पाहिलं.

"काकू, तुमचं बीपी खूप कमी आहे. इथे तर रोज जास्त भरलेलं दिसतंय. घरचं मशीन बिघडलंय का?"

मशीनचं नाव काढल्यावर पंपवाल्यांच्या नाकाला मिरची झोंबली. मशीनला काहीही झालेलं नाही, ते म्हणाले. मी रोज दोघांचं घेतो आणि मग भरतो.

"दोघांचं म्हणजे?"

"हिचं आणि माझं. दोन्हीची सरासरी काढतो."

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पंपवाल्यांना वाटलं, यांना नीट कळलेलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. पंपघरात दोन पंप होते, एकाच लाइनला पाणी द्यायचे. दोघांचं प्रेशर थोडं मागेपुढे असायचंच. साहेबांचा नियम होता की दोन्ही बघायची आणि सरासरी लिहायची. इथे घर एक, खातं एक, आकडा भरायला रकानाही एकच. लेक म्हणालीच होती, घरचं खातं उघडून देते म्हणून.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. आपण हसतोय हे लपवायला त्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे दिसतच होते. मग त्या गंभीर झाल्या, पट्टा घेऊन आल्या आणि काही न विचारता पंपवाल्यांचा दंड पुढे ओढला. आकडा पाहून त्यांचं हसू मावळलं.

"काका, हे फार जास्त आहे. तुमच्या बीपीसाठी काकू गोळ्या खात होत्या. तुमचं एवढं असतं, हे तुम्हाला रोज दिसत नव्हतं?"

पंपवाल्यांनी शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं.

"दिसत होतं," ते म्हणाले. "पण सरासरी त्याहून बरी यायची."

बाईंनी नवऱ्याकडे मान वळवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आड लपून बसला होतात होय?"

परतताना रिक्षात त्या रस्त्याकडे बघत बसल्या. घरी आल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुटला. चक्कर आली त्याचं काही नाही, खिसा शिवला त्याचंही काही नाही. पण एवढं बीपी घेऊन हा माणूस पाण्याच्या बादल्या उचलत होता, जिने चढत होता आणि बायकोला कळू देत नव्हता, याचं काय? ओरडता ओरडता त्या रडल्या. पंपवाले ततपप करत राहिले. तुझी तारीख आधी लागावी, माझं मागाहून बघू, असं काहीसं त्यांना म्हणायचं होतं. ते त्यांना धड म्हणता आलं नाही, पण बाईंना कळलं, कारण त्यांनी नाक पुसून चहा टाकला.

चहा पिताना त्यांनी अट घातली. आधी तुमचं वेगळं खातं, तुमच्या गोळ्या, मग माझा गुडघा. लग्नानंतर प्रथमच त्या घरात दोन पासवर्ड झाले. नवऱ्याच्या आकड्यांवर आता बाईंची नजर असे. पट्टाही त्याच बांधत, आणि बोलू देत नसत. पंपवाल्यांचा आकडा हळूहळू उतरला, बाईंची गोळी पुन्हा पहिल्याएवढी झाली, चक्कर थांबली. एका सकाळी पोर्टलवर तारीख आली. बाईंनी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, मग चष्मा बदलून परत वाचली.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना चाकाच्या पलंगावरून आत नेलं. दारापर्यंत त्या नवऱ्याला सूचना देत होत्या: गोळी घ्या, उपाशी बसू नका, त्या कोटवाल्याचा फोन आला तर पुढच्या महिन्यात या म्हणावं. दार मिटलं.

पंपवाले बाकावर बसले. गोळी त्यांनी घेतली होती. पिशवीतून मशीन काढून त्यांनी स्वतःच पट्टा बांधला. एका हाताने तो काही केल्या नीट बसेना. आकडा आला. त्यांनी तो जसा होता तसा आपल्या खात्यात भरला.

जरा वेळाने मोबाइल वाजला. सिस्टरांचा निरोप होता: 'काका, आज एकदम एवढं जास्त? काही त्रास होतोय का?'

पंपवाल्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, उत्तर लिहिलं.

'त्रास नाही. ती आत आहे.'