मुलाखतीच्या खोलीतली डुगडुगती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे आणि माझे तुमच्याविषयीचे मत फारसे बरे नाही. वाईट वाटून घेऊ नका. माणसांना उचलून धरण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला माणसांविषयी चांगले बोलायला सांगणे हाच अन्याय आहे.

मला एका सुताराने घाऊक कामात बनवले. परीक्षेच्या हॉलसाठी ढीगभर खुर्च्या हव्या होत्या, त्यातली मी एक. चारही पाय बसवून झाल्यावर त्याने मला जमिनीवर दोनदा आपटले आणि म्हणाला, "ही टिकेल." माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक. पुढे बरीच वर्षे दुसरे आले नाही.

हॉलमधून मी एका समाजकार्य महाविद्यालयात आले. इथे समाजसेवक घडवतात. म्हणजे पदवी घेतलेली माणसे अर्ज करतात, मुलाखत देतात आणि निवड झाली की पुढचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन लोकांचे अश्रू पुसायला बाहेर पडतात. माझे काम ऑफिसात होते आणि ते मी चोख केले. एके दिवशी शिपायाने माझ्यावर स्टूल ठेवले, स्टुलावर तो स्वतः चढला आणि ट्यूब बदलू लागला. ट्यूब बसली, माझा मागचा पाय मात्र खिळखिळा झाला. समाज आपल्या पायांवर उभा करायला निघालेल्या या संस्थेत एका खुर्चीचा पाय दुरुस्त करायला कोणाला सवड झाली नाही. मला उचलून मुलाखतीच्या खोलीत उमेदवारासाठी ठेवले. कारण उघड होते. तिथे बसणारा कधीच तक्रार करत नाही.

पुढे जे झाले, ते फक्त शिकलेली माणसेच करू जाणोत. एका उमेदवाराचा तोल जात होता आणि तो तसाच हसत उत्तरे देत होता. विभागप्रमुख बाई सहज म्हणाल्या, "किती संयम आहे बघा याच्यात!" झाले. बातमी बाहेर फुटली. पुढच्या वर्षीपासून जुने विद्यार्थी नव्यांना कानमंत्र देऊ लागले, "खुर्ची डुगडुगते. काही बोलायचं नाही. सहनशक्ती बघतात." एका शिकवणीवाल्याने तर म्हणे एक पाय कापलेल्या स्टुलावर मुलांचा सराव घेतला. ही अफवा फिरत फिरत बाईंच्या कानावर गेली आणि त्यांचाही तिच्यावर विश्वास बसला. "ती खुर्ची राहू दे," त्या शिपायाला म्हणाल्या, "तिचा उपयोग होतो." मोडके सामान फेकायचा आळस असा परीक्षेच्या पदाला पोचला.

मुलाखत घेणारे तिघे. मध्ये बाई. त्यांच्या उजवीकडे दर वर्षी बाहेरून बोलावले जाणारे एक तज्ज्ञ, ज्यांचे डोळे मागाल तेव्हा पाणावतात. डावीकडे एक तरुण सर. ते सतत काहीतरी लिहीत असत, म्हणून मी त्यांना टिपणसर म्हणते.

बाईंचा प्रश्न ठरलेला असे. "या क्षेत्रात का यावंसं वाटलं? पुस्तकातलं नको, जवळचा अनुभव सांगा." आणि मग, मित्रांनो, माझ्यावर बसून लोक आपली माणसे विकायला काढत. कोणी मावशीचा मोडलेला संसार काढी, कोणी मित्राचे व्यसन. एका मुलाने शेजारच्या काकूंच्या डोक्यावर कसा परिणाम झाला, ते त्या कोणत्या मजल्यावर राहतात इथपासून सांगितले. काकूंना याचा पत्ताही नव्हता. तज्ज्ञांनी डोळे टिपले आणि बिस्कीट घेतले. रडला तो तरला, हा इथला नियम होता. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की समोरच्याने विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवावे. त्या वर्गात शिरण्यासाठी मात्र तेच आधी ओकून दाखवावे लागते.

त्यात खोलीचे दार फुगलेले. कितीही ढकलले तरी हातभर फट राहायची आणि त्या फटीला बाहेरचे उमेदवार कान लावून उभे असायचे. आत काय विचारतात ते कळावे म्हणून. भावी समाजसेवकच ते, दुसऱ्याचे दुःख ऐकायची सवय आतापासूनच हवी.

अशात मागच्या वर्षी एक मुलगी आली. ती एका मोठ्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करायची. मी तिला खिडकीवाली म्हणते. खिडकीपलीकडून रोज रडवेली माणसे बघून तिला समाजसेवक व्हायचे होते. मनापासून व्हायचे होते, हे माझ्यासारख्या तिरसट खुर्चीलाही कळत होते. पण तिलाही कोणीतरी कानमंत्र दिलेला होता. ती डुगडुगत बसली, काही बोलली नाही आणि बाईंनी विचारताच तिने आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. सगळी, अगदी मुळापासून. सांगताना रडली. मला तिची किळस आली. 'आणखी एक,' मी मनात म्हटले.

एवढे करून तिची निवड झाली नाही ती नाहीच. तिच्यापेक्षा जास्त रडलेले पुष्कळ होते.

या वर्षी ती पुन्हा आली. बसली, मी डुगडुगले आणि ती उठून उभी राहिली.

"ही खुर्ची मोडकी आहे. दुसरी मिळेल का?"

बाईंनी तज्ज्ञांकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे वाक्य कोणी उच्चारलेच नव्हते. शिपायाने मुकाट्याने मला उचलून बाहेर दारापाशी ठेवले आणि तिच्यासाठी ऑफिसातली खुर्ची नेली. जाताना बाहेरच्या गर्दीवर खेकसला, "फटीपासून लांब व्हा सगळे!" सगळे पावलाभराने सरकले. भिंतीशी एक माणूस एकटाच उभा होता. नखांत गॅरेजचे काळे ग्रीस, चेहऱ्यावर बारा वाजलेले.

"तुम्ही कोणाबरोबर?" शिपायाने विचारले.

"आत आहे ती बहीण. आईनं सोडायला पाठवलंय."

"मग बसा की."

तो माझ्यावर बसला, मी कलंडले आणि तो म्हणाला, "काय भंगार खुर्ची आहे ही!"

मी अपमान मानला नाही. एका घरातली दोन माणसे माझ्याविषयी पाठोपाठ खरे बोलली होती. मग मला कळले, की गोष्टीतला भाऊ तो हाच. त्याचे सगळे अंग फटीकडे ओढले गेले होते. गुडघा थरथरत होता आणि त्याच्याबरोबर मीही.

आत बाईंचा आवाज मधाळ झाला. "मागच्या वर्षी तुम्ही भावाबद्दल फार छान बोलला होतात. तिथूनच सुरू करू या."

फार छान! जणू मुलीने गाणे म्हटले होते.

"ते नाही सांगणार, बाई."

"का बरं?"

"ती गोष्ट माझी नाही, त्याची आहे. मी त्याला न विचारता सांगितली. दाराबाहेर कोणीतरी ऐकली आणि संध्याकाळपर्यंत ती त्याच्या गॅरेजात पोचली. तिथे त्याची काय दशा केली असेल, ते तुम्हीच ओळखा. वर्ष झालं, तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही."

तज्ज्ञ समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण इथे आपण सगळे एकाच क्षेत्रातले आहोत. या खोलीतलं बाहेर जात नाही."

"दार लागत नाही, सर."

टिपणसरांना खोकला आला. हसू दाबले की असा खोकला येतो.

बाई आता वैतागल्या. "मग तुम्हाला मार्क द्यायचे कशावर? या वर्षीही नाव आलं नाही, तर काय करणार?"

"परत अर्ज करीन. हवंय मला हे. स्वतःचं विचारा ना, सांगते. खिडकीवर लोक आपला आजार कुजबुजत सांगतात, मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मोठ्यानं विचारायची, 'काय? काय होतंय?' सगळी रांग ऐकायची. भाऊ बोलायचा थांबला तेव्हा कळलं मी काय करत होते. आता कागद पुढे सरकवते. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी उठून बाहेर येते. एवढंच जमलंय. बाकीचं शिकायला तुमच्याकडे यायचंय."

"हे जरा लहान वाटतं," तज्ज्ञ म्हणाले. "आम्हाला व्यापक दृष्टी हवी असते." व्यापक दृष्टीच्या त्या माणसाला हातभर उघडे दार दिसत नव्हते.

माझ्यावरचा गुडघा मात्र केव्हाच थांबला होता. ती बाहेर आली तेव्हा भाऊ जमिनीकडे बघत बसलेला होता. ती त्याच्या अंगावरून पुढे निघाली. वर्षभराची सवय.

"या वर्षीही मिळत नाही वाटतं," तो म्हणाला.

ती जागीच थबकली. "तू ऐकलंस?"

"दार लागत नाही."

तो उठला. "पुढच्या वर्षी सांगायचंच झालं, तर मला विचार आधी."

"विचारलं तर हो म्हणशील?"

"नाही म्हणेन."

ती हसली. हसता हसता रडली आणि ते रडणे दाखवायचे नव्हते, म्हणून तोंड भिंतीकडे फिरवले. त्याने तिची पिशवी हातातून घेतली. मित्रांनो, मी पुष्कळ रडणे सोसले आहे, पण ते पाहून मला पहिल्यांदा बरे वाटले. हे कबूल करताना माझा मलाच राग येतो.

निवड यादीत तिचे नाव नव्हते. शेजारच्या काकूंचा मजला सांगणारा तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि चेहरा गंभीर ठेवून वावरतो. माझी रवानगी कायमची बाहेर झाली, दाराशेजारी. ज्याला ताटकळायचे असते, तो माझ्यावर बसतो. तुम्हीही त्यातलेच.

आत्मकथेच्या रिवाजाप्रमाणे मी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवे. माझा पाय दुरुस्त करा, त्या दाराला रंधा मारून घ्या, मोडक्या वस्तूला परीक्षेचे नाव देऊन तशीच ठेवू नका, असे मी म्हणू शकते. तुम्ही मान हलवाल आणि काही करणार नाही. तुमची खोड मला पक्की ठाऊक आहे. शिवाय आत्ता तुमचे लक्ष माझ्या पायाकडे नाहीच. इतका वेळ तुमच्या मनात एकच गोष्ट घोळते आहे, की भावाचे नेमके काय झाले होते.

मला सगळे माहीत आहे. मागच्या वर्षी ती माझ्यावर बसूनच बोलत होती. पण ती गोष्ट त्याची आहे आणि मी त्याला विचारलेले नाही.

तेव्हा उठा आता.