दत्तोबानं भरलेली हवा

मी ट्यूब बोलतेय. उसाच्या ट्रॉलीच्या चाकातली, काळी, ठिगळांची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मध्ये बोललेलं मला चालत नाही, आणि आज मला घाईही आहे.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा इंदापुरातल्या एका दुकानात खिळ्याला लटकत होते, अंगाला पांढरी पावडर फासलेली. दत्तोबानं मला तिथून सांगवीला आणलं, टायरात घातलं आणि हवा भरली. तेव्हापासून माझं काम एकच. दम धरायचा. वर ऊस असो, खत असो, लग्नाचं वऱ्हाड असो, आपण आत दम धरून बसायचं. दसऱ्याला हार ट्रॅक्टरला, हळदीकुंकू टायरला. आत कोण बसलंय ते पंक्चर झाल्याशिवाय कुणाला आठवत नाही. घरातल्या बाईचंही तसंच असतं, पण ते असू द्या.

सोमेश्वरनगरच्या रस्त्यानं कारखान्याला ऊस टाकत मी कितीतरी हंगाम पळाले. शेवटी पंक्चरवाला म्हणाला, "दत्तोबा, हिच्यात ट्यूब कमी आन ठिगळंच जास्त हायती." तशी मी चाकातून सुटले आणि विहिरीवर आले.

तिथं मात्र मजेत होते. आळीतली पोरं माझ्या जिवावर पोहायला शिकली. दत्तोबा काठावरून ओरडायचा, "तोंड मीट! दम धर!" आणि पोराला ढकलून द्यायचा. पोरगं खाली जाऊन वर आलं की मला मिठी मारायचं. दत्तोबाची लेक सुकन्या तशीच शिकली. त्याची बायको जयवंता मात्र काठावर धुणं धूत बसायची. पाण्यात उतरू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. उतरतेस का, असंही कुणी विचारलं नव्हतं.

मग शेततळं आलं. विहिरीला दगड असतो, कपार असते, बोटं रोवायला जागा असते. शेततळ्याला काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, आणि चारी बाजूंनी नुसता उतार. आत जाता येतं. बाहेर यायचं कसं, ते खोदणाऱ्यानं सांगितलं नाही आणि खोदून घेणाऱ्यानं विचारलं नाही.

सुकन्याची पोरं सुट्टीला यायची होती, म्हणून त्या सकाळी दत्तोबानं मला पंपानं टम्म भरलं. बांधावर ठेवलं आणि तो दोडक्याच्या मांडवात शिरला. मोटार पाणी ओढेना. पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिला फुटबॉल म्हणतात. तो साफ करायला जयवंता वाकली आणि पाय सटकला.

तिला ओरडताही आलं नाही. आवाज आला तो पाण्याचा. दत्तोबा मांडव मोडत आला, मला उचललं, फेकलं आणि माझ्यामागून अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. खाली जाऊन त्यानं तिला वर आणलं आणि माझ्यात कोंबलं. तिचे डोळे गच्च मिटलेले. "दम धर, जयवंता," तो म्हणाला. "दम धर. दोर आणतो."

दोर आणायला वर चढावं लागतं. तो चढला आणि घसरला. परत चढला, परत घसरला. विहिरीत सूर मारणारा गडी, पण कागदाला बोट लागेना. मी तिथंच होते, हातभर अंतरावर, पण त्यानं धरलं की मी तिच्यासकट कलंडायचे. माझ्यात एक माणूस मावत होता आणि तो कोण, हे त्यानं ठरवलेलं होतं.

रानातली माणसं दोर घेऊन आली तेव्हा पाण्यावर आम्ही दोघीच होतो.

पुढं लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. "हिच्यापायी गेला." चहा पिता पिता बोलले. जयवंतानं सगळं ऐकलं आणि कपबशा विसळून ठेवल्या. डोक्यावरून पाणी घ्यायचं तिनं सोडलं. केस धुवायचे तर मान मागं टाकून, कपाळाला हात लावून, जसं तान्ह्या पोराला धुतात. शेततळ्याकडं ती फिरकली नाही.

मला मात्र तिनं पडवीत खुंटीला टांगलं. मी जुनी, ठिगळांतून थोडी थोडी हवा जाते. मी मऊ पडले की ती पंप लावायची. पण पूर्ण रिकामी कधी होऊ दिली नाही. दत्तोबानं भरलेल्या हवेतली थोडी तरी माझ्यात उरलेली असणार, हा तिचा हिशोब. कुणाला बोलली नाही. मला सांगायची गरज नव्हती.

सुकन्या बारामतीत नर्स आहे, राहते जळोचीला. एकदा ती आली असताना तिच्या मोबाइलवर समुद्राखाली गेलेल्या कुण्या बाईचा व्हिडिओ लागला. जयवंतानं मोबाइल ओढूनच घेतला.

"हिचं डोळं उघडं हायती."

"काच असती आई डोळ्यांवर. पाठीवर हवेची टाकी. तोंडानं श्वास घ्यायचा. स्कूबा म्हणत्यात."

"पाठीवर डबा बांधून पोरं शिकत्यात, तसलंच की." मग तिनं मोबाइल पालथा ठेवला. "मी तवा डोळं मिटलं हुतं, सुके. मला काय बी दिसलं न्हाय. तुझ्या बापाला शेवटी काय दिसलं आसंल गं? नुसता काळोख आसंल?"

सुकन्या तिच्याजवळ सरकून बसली.

"मला खाली जाऊन बघायचंय. डोळं उघडं ठिवून."

मग दोघी पडवीत बसून जागा शोधायला लागल्या. अंदमानला विमान लागतं, ते जयवंतानं लगेच बाद केलं. "एका वक्ताला एकच भ्या." गोव्याच्या माणसानं बोटीवर गाणी, नाच आणि जेवण सांगितलं. ती म्हणाली, "मी काय वरातीला निघालीया व्हय?" तिसरा म्हणाला, बोटीत खूप माणसं असतात, काळजी नको, भराभर उरकून देतो. त्याला तिनं स्वतःच फोनवर झापलं, "उरकायला मी काय खुरपणीची पात हाय?"

प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न होता. "पाण्यात माझा हात धरणाऱ्याचं नाव सांगा." सगळे म्हणायचे, आमची टीम आहे. ती फोन ठेवायची. "टीम हात धरत न्हाय. माणूस धरतो."

मालवणच्या खोबरेकरानं मात्र उलट तिलाच प्रश्न विचारले. दमा आहे का? रक्तदाब? कान दुखतो? घाबरता का? का येताय? जयवंतानं तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, आत्ता येऊ नका, दर्या खवळलेला असतो, दिवाळीनंतर पाणी निवळतं. आधी काठाला कमरेएवढ्या पाण्यात बसवीन. नको वाटलं तर तिथूनच घरी जा. हात माझाच. सोडणार नाही.

"ह्यो," जयवंता म्हणाली.

दीर आबाजी दारात येऊन उभे राहिले. "वैनी, पाण्यानं कुंकू नेलं आन तुमी पाण्यातच मौज करायला निघालासा? लोक काय म्हंतील?"

"लोकांना म्हणावं, ती बुडायला न्हाय, बघायला गेलीया. आन भावजी, त्या दिवशी दोर तुमच्या गोठ्यात हुता. तो आता तळ्यावर बांधा. मग लोकांचं सांगा."

आबाजी गेले. मी खुंटीवर टम्म फुगले, हवा होती त्यापेक्षा जास्त.

प्रवासाला तिनं मलाही घेतलं. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "मावशी, हवा सोडा आन घडी घालून पिशवीत कोंबा."

"माझी मान मुरगाळलीस तरी सोडायची न्हाय."

"मग हिचं हाफ तिकीट काढा."

"फुल काढ. ठिगळं बघ, माझ्याएवढीच हाय ती."

गाडी हसली. सुकन्या खिडकीकडं तोंड करून बसली. मी शेवटच्या बाकावर बसून समुद्रापर्यंत गेले. ट्रॉलीच्या ट्यूबनं आणखी काय मागावं?

खोबरेकर तिच्याच वयाचा, उन्हानं करपलेला. मला बघून हसला नाही, एवढ्यावरच मला तो पटला. काठाच्या पाण्यात त्यानं तिच्या पाठीला टाकी बांधली, डोळ्यांवर काच चढवली, नळी तोंडात दिली आणि हळूच खाली बसवलं. मी शेजारीच तरंगत होते. मला जे दिसलं ते वाईट होतं. पाण्यावर एकही बुडबुडा येईना. जयवंता गाल फुगवून, मुठी वळून, दगडासारखी बसली होती. खोबरेकरानं तिला झटकन उभं केलं.

"बाय, दम धरून काय बसलंस? पाण्याखाली दम धरूचो नाय. घेवचो नि सोडूचो. सगळ्यात मोठी चूक ती."

"मला दम सोडता येत न्हाय."

"सगळ्यांका येता."

"मला न्हाय!" ती त्याच्यावर वसकन ओरडली. "माझ्या मालकाचं शेवटचं बोलणं हाय ते. 'दम धर' म्हणला आन गेला. ते मोडू व्हय मी?"

खोबरेकरानं सुकन्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. लाटा येत होत्या, माझ्यावर आपटून जात होत्या. फोनवर 'का येताय?' असं त्यानं विचारलं होतं, त्याचं उत्तर त्याला आत्ता मिळालं होतं.

तो सावकाश बोलला. "त्येनी बरोबर सांगितला. तेवा तुझ्या पाठीर हवा नव्हती. आज आसा."

जयवंता खाऱ्या पाण्यात उभी राहिली. परत चल म्हणेल असं मला वाटलं. तिनं एक हात माझ्यावर ठेवला, नळी तोंडात घातली आणि बसली. पाणी तसंच राहिलं. मग माझ्या काठाशी एक बुडबुडा फुटला. मग पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी बोटीतून आत गेलो. ती खोबरेकराचा हात धरून खाली उतरली. मी वर, दोरीनं बोटीला बांधलेली. सुकन्या काठाला रेलून नुसते बुडबुडे बघत होती. ते येत राहिले, येत राहिले आणि एकदम दोघं वर आले. जयवंता संतापलेली.

"का आणलंस वर?"

"तूच अंगठो दाखवलंस. अंगठो म्हणजे वर."

"आमच्यात अंगठा म्हंजी बरं चाललंय! मोबाइलवर न्हाय व्हय धाडत?"

सुकन्या हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "आई, काय दिसलं?"

"मासं. पिवळं, पट्ट्यांचं. माणसाला भीतच न्हाईत." मग तिनं मला मिठी मारली, विहिरीतली पोरं मारायची तशी, आणि तोंड माझ्यात लपवलं. "सुके, वर बघितलं की उजेड दिसतो गं. खालनं समदा उजेडच दिसतो. पन आपलं तळं हिरवं हाय. तितं दिसत आसंल का?"

ह्याचं उत्तर तिला समुद्रानं दिलं नाही. मी तळ्याचं ते पाणी बघितलंय, मीही दिलं नाही.

आज सकाळी ती शेततळ्यावर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. सोबत गाठी मारलेला जाड दोर. तो तिनं बांधावरच्या खांबाला बांधला, दुसरं टोक पाण्यात सोडलं. शेजारी नवी ट्यूब ठेवली, चकचकीत, अजून एक ठिगळ नाही. आबाजी लांब उभे राहून बघत होते. मग आले आणि दोराची गाठ ओढून बघितली.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या तळ्याला असा दोर बांधा. आज बांधा. माणूस पाण्यात असताना दोर शोधायला पळू नका.

आता जयवंता मला मांडीवर घेऊन बसलीय. तिनं माझ्या व्हॉल्व्हचं टोपण काढलंय. केसातला आकडा काढून आतल्या पिनवर टेकवलाय. डोळे उघडे आहेत.

"अवो," ती तळ्याकडं बघून म्हणाली, "लई दम धरला. आता सोडती."

माझ्या पट्ट्या कापून ती दोडक्याच्या मांडवाला बांधणार आहे, त्यानं मोडला होता त्याच मांडवाला. चालेल मला. हवा तिच्या तोंडावर जातेय. ती गिळून घेत नाही, धरून ठेवत नाही. घेते आणि सोडते. मी मऊ पडत चाललेय. थोडीच उरलीय आता. ही शेवटची, ही बहुतेक त्याचीच