गोणपाट सुकू देऊ नकोस

आगरच्या खाडीवर छोटा पूल होत होता. त्याचं काँक्रीट मी ठरवलं होतं. सिमेंटात राख किती, पाणी किती, आतल्या सळईवर काँक्रीटचा थर किती जाड, यावर चाळीस पानं लिहिली होती. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की लोखंड गंजून फुगतं आणि खांब फुटतो. माझा पूल शंभर वर्षं टिकणार, असं मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं. शुक्रीला मात्र मी एकच वाक्य सांगितलं, "खांबावरचं गोणपाट सुकू देऊ नकोस."

शुक्री तलासरीकडच्या पाड्यावरची, मजुरीवर आलेली. नवं काँक्रीट पक्कं होईपर्यंत खांबाला गुंडाळलेल्या गोणपाटावर पाणी मारायचं काम तिचं.

२०१७ च्या मे महिन्यात चारोटीहून येणारा टँकर दोन दिवस आलाच नाही. मी तेव्हा मुंबईच्या ऑफिसात होतो. तिसऱ्या दिवशी परतलो तर गोणपाट ओलंचिंब. मी तिला शाबासकीही दिली. मग गोणपाटाच्या सुकलेल्या कडेवर पांढरी रेघ दिसली. बोट लावून चाखलं. खारट.

"टँकर नव्हता तं खाडीचं पाणी आणलं," ती म्हणाली. "सुकू नाय दिलं."

दोन दिवस ती चिखल तुडवत हंडे वाहत होती. मला स्वतःची लाज वाटली.

ठेकेदाराचा माणूस विनोद म्हणाला, धुऊन टाकू, आणि बोभाटा झालाच तर बाईला काढून टाकू. सोपं होतं. खांब दिसायला देखणा होता, फुटायला पंधरा वर्षं लागली असती. तोवर मला विचारायला कोण येणार होतं?

मी खांबाला भोकं पाडून भुगा तपासायला पाठवला. मीठ आत शिरलं होतं. अहवालात लिहिलं, कोणतं पाणी वापरायचं हे मी सांगितलं नव्हतं, चूक माझी. माझी बढती गेली. शुक्री कामावर राहिली.

बाहेरचा थर फोडायला चार दिवस लागले. तुकडे घमेल्यात भरायला शुक्रीच होती. मी तिला उघडी सळई दाखवली आणि चाळीस पानांतलं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आधी का नाय सांगितलं?"



नवा थर ओतल्यावर टँकर आला. ड्रायव्हर घाई करत होता. शुक्रीने पाइप अडवला, तळहातावर पाणी घेऊन चाखलं. मग पत्र्याचा डबा भरून माझ्यापुढे धरला.

"तुम्हीपण चाखा, साहेब."

ड्रायव्हर हसला. मी प्यालो. पाणी गोडं होतं. मी मान हलवली, तेव्हा कुठे तिने पाइप गोणपाटावर सोडला.