आपो कुलासाचं पान

जबड्यात एकही दात नव्हता. डॉक्टर मागबानुआंनी तो जबडा बारीक ब्रशनं साफ केला, तळहातावर घेतला आणि एस्तेलिनपुढे धरला.

"बघ. दातांचे खळगे हाडानं भरून आलेत. म्हणजे दात पडल्यावरही ही बाई पाच-सहा वर्षं तरी जगली. सात हजार वर्षांपूर्वी, याच गुहेत. खात काय असेल?"

"चावून दिलेलं," एस्तेलिन म्हणाली.

"कोण देणार चावून?"

"मुलगी. नाहीतर सून."

डॉक्टर हसल्या. हसण्यात कुचेष्टा नव्हती. "तेच तर सिद्ध करायचंय. ती जगली, एवढं हाड सांगतं. कुणी जगवली आणि का, ते सांगत नाही."

एस्तेलिन पुन्हा चाळणीकडे वळली. गुहेतली माती चाळायला ती हंगामाच्या सुरुवातीपासून येत होती. सहावीपर्यंत शिकल्यामुळे तिला तागालोग भाषा येत असे, म्हणून मनिलाहून आलेल्या या डॉक्टरांची दुभाषीही तीच. गुहेच्या खाली, नदीच्या वाळूवर, दिमालुंगचा तळ होता, शिकारीवर जगणाऱ्या आग्ता लोकांचा. दहा चुली, तेवीस मोठी माणसं. एका चुलीवर एस्तेलिन, तिची दोन मुलं आणि तिची आई कुलासा. नवरा दोन वर्षांपूर्वी समुद्रात मासे मारायला बुडी घेऊन गेला तो वर आलाच नाही.

आई कुलासाच्या तोंडातही दात नव्हते. सुपारी ती बांबूच्या नळीत कुटून खाई आणि दिवसभर शिव्या देई. पण मांस कुटून जमत नसे. रानडुकराचा तुकडा एस्तेलिन आधी स्वतः चावायची, रस गिळायचा मोह आवरायची आणि मऊ झालेला गोळा बोटांवर काढून आईच्या तोंडात घालायची. यात विशेष काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांच्या वहीत त्याला रकानाही नव्हता.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. माणूस उगाच कुणाला देत नाही. रक्ताचं असेल तर देतो, नाहीतर परत मिळेल या हिशोबानं देतो. ही खोड आजची नाही, गुहेतल्या बाईच्या काळापासूनची आहे. मेलेल्यांची हाडं वाचायची तर जिवंतांचे हात मोजायला हवेत. म्हणून त्यांनी तळावर एक खेळ मांडला.

प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर दुधाच्या डब्याच्या मापानं पाच मापं तांदूळ. ते स्वतःला ठेवायचे नाहीत. तळावर कुणाला किती द्यायचे ते ताडपत्रीमागे येऊन एस्तेलिनच्या कानात सांगायचं. दोन दिवसांनी ज्याच्या त्याच्या वाट्याचे तांदूळ काळ्या पिशवीत मिळतील. कुणी दिले ते कळणार नाही.

"बाहेर एक शब्द गेला, तर उद्यापासून मला दुसरी दुभाषी बघावी लागेल," डॉक्टर एस्तेलिनला म्हणाल्या. रागावून नाही, चाळणी नीट धर म्हणावं तसं.

सवय व्हावी म्हणून पहिला डाव एस्तेलिनचाच झाला. तिनं रात्रीच विचार करून ठेवला होता. तीन मापं बोनिंगला. तळावरची निम्मी डुकरं बोनिंगच्याच बाणानं पडत. एक त्याच्या बायकोला. एक शेजारणीला, जिनं एस्तेलिनच्या धाकटीला तापात दूध पाजलं होतं.

"आणि आईला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई माझ्याच भांड्यात जेवते. तिला देणं म्हणजे स्वतःलाच देणं. तुम्हीच म्हणालात, स्वतःला द्यायचे नाहीत."

"नाही, आई वेगळी धरलीय. देऊ शकतेस. बदलायचंय?"

एस्तेलिननं बोटं मोजली. बोनिंगचं एक कमी करावं? कोण देतं ते कळणार नाही म्हणतात, पण बोनिंगला पिशवीचं वजन तर कळेल. शेजारीण धाकटीकडे बघून काय म्हणेल? आईचं काय, तिला मिळणारच. तिला कुणी ना कुणी देणारच.

"राहू द्या," ती म्हणाली. डॉक्टरांनी पेन्सिलीनं लिहून घेतलं.

मग दिवसभर माणसं येत राहिली, एस्तेलिनच्या कानाशी वाकत राहिली. कुणाच्या श्वासाला तंबाखूचा वास, कुणाच्या नदीच्या माशांचा. बोनिंगला दोन. बोनिंगला एक. भावाला दोन, बोनिंगला तीन. कुलासाचं नाव येईल म्हणून एस्तेलिन वाट बघत होती. संध्याकाळ व्हायला आली तसा तिचा कान गरम झाला. कुणाला म्हातारी नकोशी होती असं नाही. तिला तिची मुलगी देईलच, असं प्रत्येकानं धरलं होतं.

शेवटी कुलासा आली, काठी टेकत, सुपारीची नळी कमरेला.

"कानात कशाला सांगायचं गं? चोरी केलीय का कुणाची?"

"आपो, हळू बोल," एस्तेलिन म्हणाली. मुलं आजीला आपो म्हणत, तशी तीही म्हणू लागली होती.

कुलासा वाकली. "पाचही बोनिंगला."

"पाचही?"

"मग काय तुला देऊ? तू देणारच आहेस, जातेस कुठं! द्यायचं ते धनुष्यवाल्याला. माझं पान त्याच्या हातात आहे."

पान म्हणजे शिकारीच्या वाटणीतलं पान. डुक्कर आलं की वाळूवर ताडाची रुंद पानं मांडत, चुलीमागे एक. दहा चुली, दहा पानं. आणि शेवटी एक छोटं अकरावं, जिची स्वतःची चूल विझलीय त्या म्हातारीसाठी. त्यावर काळजाचा तुकडा नि मूत्रपिंड. ते पान कुणी ठरवून मांडत नसे आणि कुणी विसरतही नसे. त्या पानामुळे एस्तेलिनच्या चुलीवरचं मांस तीनच तोंडांत वाटलं जाई.

तिसऱ्या दिवशी काळ्या पिशव्या आल्या. तळावरच्या झोपड्यांना वरचं छप्पर तेवढं होतं, भिंती नव्हत्या. तिथं गुपित राखायचं म्हणजे चाळणीत पाणी धरायचं. बोनिंगची पिशवी सगळ्यांत फुगलेली. एकतीस मापं. त्यानं ती खांद्यावर घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. त्या दिवसापासून तो जरा सावकाश चालू लागला.

कुलासाला पिशवी नव्हती.

डॉक्टर दयाळू होत्या आणि नियमाच्या पक्क्या. रिकाम्या हातानं कुणी जाऊ नये असा त्यांचा नियम होता. त्यांनी म्हातारीला बोलावून दोन मापं तांदूळ आणि एक लाल ब्लँकेट दिलं. "सांग तिला, खेळात कुणी दिलं नाही, म्हणून हे आमच्याकडून."

एस्तेलिननं आईला सांगितलं, "म्हाताऱ्या माणसांना देतात हे."

कुलासा लाल ब्लँकेट खांद्यावर टाकून, भर उन्हात, सगळ्या तळावरून मिरवत गेली. पिद्योंगनं ते पाहिलं. पिद्योंग तिच्याहून चार वर्षांनी मोठा.

"मग मी काय तरणाबांड आहे?" तो ओरडला आणि तडक ताडपत्रीकडे गेला. त्याला मोडकंतोडकं तागालोग येत होतं. एस्तेलिन नदीवर गेली होती. डॉक्टरांनी त्याला हळू, स्पष्ट शब्दांत समजावलं, की ज्याला कुणीच काही दिलं नाही त्याच्यासाठीच हे ब्लँकेट आहे.

पिद्योंग हसत हसत परतला. चुलीचुलीवर थांबत आला. "अरे, मला नको ते ब्लँकेट! मला तीन मापं मिळालीत. ते ब्लँकेट शून्यवालीचं! पोटच्या पोरीनंही नाही दिलं."

कुलासानं ऐकलं. ब्लँकेट खांद्यावरून काढलं नाही. त्या संध्याकाळी एस्तेलिननं मासा चावून तिच्यापुढे धरला, तेव्हा तिनं तो खाल्ला. एकच विचारलं, "एकसुद्धा नाही?"

"आपो, तू माझ्या भांड्यात जेवतेस."

"हो. ते खरं," कुलासा म्हणाली.

इथवर निभावलं असतं. तळावर थट्टा होते आणि शिळी होते. पण चौथ्या दिवशी बोनिंगनं डुक्कर पाडलं.

मोठं होतं. एरवी असं डुक्कर आलं की बायका शिकाऱ्याची खेचत, एवढुसं पिल्लू मारायला तीन कुत्री लागली का रे, म्हणून. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. बोनिंगनं पानं मांडली. एक, दोन, दहा. काळीज हातात घेतलं आणि ते दहाव्या, स्वतःच्या, पानावर ठेवलं.

"बोनिंग," कुलासा म्हणाली, "माझं पान?"

"कसलं पान, आपो?"

"डोळे माझे गेलेत की तुझे? माझं पान. तुझी नाळ मी कापलीय बांबूच्या पात्यानं. उलटा आला होतास. आता अक्कलही उलटीच आहे."

दोघं-तिघं हसले. बोनिंग नाही हसला. "नाळ तळावरच्या सगळ्यांचीच कापलीस तू. मग तेवीस माणसांत एकानं एक माप नाही दिलं तुला? तुझ्या पोरीनं नाही दिलं. मी का द्यायचं?"

"मी तुला पाच दिले!"

"सगळे तेच सांगतात, आपो. सकाळपासून चौदा जणांनी सांगितलंय मला, मीच दिले म्हणून." तो वळला आणि मोठ्या बहिणीला मारतात तशी हाक मारली. "मानांग एस्तेलिन, सगळ्यांनी तुझ्याच कानात सांगितलं ना? तूच सांग. हिनं मला दिले का? हो म्हण, हे काळीज तिचं."

 कुत्री मांसाकडे बघत बसून राहिली.

एस्तेलिननं वर पाहिलं. बोनिंगची बायको तिच्याकडे बघत होती. त्या बायकोच्या सख्ख्या बहिणीनं बोनिंगला एकही माप दिलं नव्हतं आणि दिले म्हणून सांगितलं होतं. ती बहीणही बघत होती. पिद्योंग बघत होता. त्यानं स्वतःच्या मुलाला वगळलं होतं आणि मुलगा शेजारीच उभा होता. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच होतं. आज तिनं एक नाव सांगितलं, तर उद्या प्रत्येक जण येऊन दुसरं विचारणार. दहा चुलींच्या दहा वाटा होणार. आणि ताडपत्रीमागचं कामही जाणार. पण हे सगळं तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिच्या नजरेपुढे फक्त सातवं पान होतं, तिचं स्वतःचं. त्यावर दोन बरगड्या आणि मांडीचा चांगला तुकडा होता, आणि सुरा अजून बोनिंगच्या हातात होता.

"एवढी माणसं आली," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

बोनिंगनं सुरा पुसला. माणसांनी आपापली पानं उचलली. जाताना शेजारणीनं एस्तेलिनच्या दंडाला हलकेच हात लावला, आभार मानावेत तसा.

संध्याकाळी एस्तेलिननं मांडीचं मांस चावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ, अगदी मऊ होईपर्यंत. बोटांवर काढून आईच्या ओठांशी नेलं. कुलासानं तोंड उघडलं नाही.

"आपो, खा."

तोंड बंद. बोटांवरचा गोळा गार झाला. धाकटी बघत होती, तिनं तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशीही तेच. कुलासा डॉक्टरांनी दिलेल्या दोन मापांतले तांदूळ रोज मूठभर काढी, स्वतः तीन दगड मांडून त्यांची पेज करी आणि पिई. ब्लँकेट तिनं एस्तेलिनच्या छपराबाहेर, वाळूवर अंथरलं. चेष्टा म्हणून कुणी विचारलं तर सांगे, "अकरावी चूल आहे ही." तांदूळ नऊ दिवस पुरले. त्यानंतर ती नुसतं पाणी आणि कुटलेली सुपारी घेऊ लागली. पाऊस तोंडावर होता, तळ वरच्या अंगाला हलायचा होता. पिद्योंगच्या मुलानं नेहमीप्रमाणे म्हातारीला पाठुंगळी न्यायची वेताची खुर्ची बाहेर काढली, पाहिली आणि पुन्हा छपराखाली ठेवली. कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळ येणारच नाही असं प्रत्येक जण वागत होता.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर तळावर आल्या. गुहेतल्या जबड्याशी ताडून बघायला त्यांना जिवंत, दात नसलेल्या तोंडाची मापं हवी होती. धातूची एक पट्टी, एक छोटा आरसा, वही.

"सांग तिला, दुखणार नाही. फक्त तोंड उघडायचं."

एस्तेलिननं सांगितलं. कुलासा ब्लँकेटवर पडली होती. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पूर्ण, मोठं. सुपारीनं लाल झालेल्या गुळगुळीत हिरड्या. बारा दिवसांत एस्तेलिन पहिल्यांदाच त्या बघत होती. डॉक्टर हळुवारपणे मापं घेत होत्या आणि आकडे बोलत होत्या. एस्तेलिन ते लिहून घेत होती.

मापं घेऊन झाल्यावर कुलासा म्हणाली, "विचार तिला. त्या गुहेतल्या म्हातारीला मुलगी होती का?"

एस्तेलिननं विचारलं.

"ते हाडावरून कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि मेली कशानं?"

"तेही नाही कळत."

कुलासा गालातल्या गालात हसली. नळीतली सुपारी तिनं बोटानं चाचपली. "बरं झालं," ती म्हणाली. "हाडांनी पोरीची लाज राखली."

डॉक्टर पेन्सिल धरून थांबल्या होत्या. "काय म्हणते?"

एस्तेलिननं वहीत शेवटचा आकडा नीट लिहिला.

"आई म्हणते," ती म्हणाली, "बरं झालं."