फळ्यावरची पाचवी शिफारस

छापखान्यात सगळे त्यांना अनुस्वार म्हणत. एक तर अंगानं तेवढेच, आणि दुसरं म्हणजे असले काय नि नसले काय, घाईतल्या माणसाच्या लक्षात येत नसे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका लाल पेनानं काढून ते निवृत्त झाले. छापखाना मागे राहिला, नाव मात्र सोबत आलं.

आता दर सोमवारी ते वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावत. वर मथळा, 'खेळांविषयी वाचावं असं'. खाली पाच शिफारशी आणि प्रत्येकीखाली दोन ओळींचा शेरा. कधी एखाद्या गोलरक्षकाच्या आठवणी, कधी शर्यतीत शेवटच्या आलेल्या धावपटूंवरचा लेख, कधी पेनल्टी किक कुठल्या कोपऱ्यात जास्त जातात याचा आकडेवारीसह अभ्यास. दोनदा वाचल्याशिवाय शिफारस करायची नाही आणि घरच्या माणसाचं लिखाण तर मुळीच घ्यायचं नाही, असे त्यांचे दोन नियम होते. यादी कुणी वाचतं का, हे विचारायचं धाडस सहा वर्षांत झालं नव्हतं. ग्रंथपाल बाई म्हणायच्या, "जन्मात चेंडूला हात लावला नाहीत, आणि खेळातलं काय वाचायचं ते तुम्ही सांगणार!" ते नुसते हसत. बाईंचं काही खोटं नव्हतं.

पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांची लेक पोहायची. नऊ वर्षं शर्यतींत उतरली. ते तिला तलावापर्यंत सोडत आणि बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसत. आत शिट्टी वाजली की ते पुस्तकात आणखी डोकं खुपसत. पुस्तकातली शर्यत कधीच संपलेली असते, तिथला निकाल पचतो. पोटची पोर डोळ्यांदेखत मागे पडताना बघणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ती बाहेर आली की ओल्या केसांकडे बघून ते विचारत, "निघायचं?" कितवी आले, ते तीच सांगायची. पुढे पुढे तिनंही सांगणं सोडलं.

आता ती दूरच्या शहरात पोहण्याच्या शर्यतींचा अभ्यास करून त्यावर लिहिते. महिन्यापूर्वी तिनं आपला पहिला मोठा लेख छापायला देण्याआधी टपालानं त्यांच्याकडे पाठवला. विषय होता, नेहमी चौथ्या येणाऱ्या मुली. वळताना निसटलेले क्षण, शेवटच्या दहा मीटरमधली दमछाक, सगळं मोजूनमापून मांडलेलं. मध्येच एक वाक्य होतं, 'चौथी आलेली मुलगी पाण्यातून मान वर काढते, तेव्हा आधी वेळेच्या फलकाकडे बघत नाही, प्रेक्षकांकडे बघते.' तिथे ते बराच वेळ थांबले. मग सवयीनं लाल पेन उचललं. चौतीस दुरुस्त्या केल्या, एका तक्त्यातली चुकलेली बेरीज दाखवली आणि पाकीट परत धाडलं. लेख कसा झालाय, याबद्दल अक्षर नाही.

'दुरुस्त्या मिळाल्या. आभारी आहे,' एवढं पोस्टकार्ड आलं, आणि मग काहीच नाही. तिची आई असती, तर दोघांचे कान धरून दोघांना बोलतं केलं असतं. पण ती जाऊन पाच वर्षं झाली होती. ते तीनदा फोन करायला उठले, आणि तीनदा पुस्तकांचं कपाट पुसून परत बसले.

या आठवड्यात लेख मासिकात छापून आला. त्यांनी वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तो दोनदा वाचला. काढायला एकही चूक नव्हती, त्यामुळे या खेपेला नुसता लेखच समोर उरला. चष्मा काढून पुसावा लागला. सोमवारच्या यादीत पाचव्या जागी त्यांनी तो लिहिला. एक नियम मोडला होताच. आता शेरा जमेना. 'अभ्यासपूर्ण' लिहिलं, खोडलं. तीन कागद फुकट गेले. शेवटी दोन ओळींच्या जागी तीन झाल्या:

'लेखिका माझी मुलगी आहे. ती आत पोहायची, तेव्हा मी फाटकाच्या डाव्या हाताच्या बाकावर वाचत बसायचो. हे सगळं मी आत जाऊन बघायला हवं होतं.'

ग्रंथपाल बाईंनी वाचलं. आज थट्टा केली नाही. अनुस्वारांच्या बटणांच्या फोनला फोटो काही जमत नसत, म्हणून आपल्या फोनवर फळ्याचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "तिचा नंबर सांगा."

दुपारी उत्तर आलं. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः उगाचच दुसऱ्या दालनात गेल्या.

'बाबा, एक चूक राहिलीय. बाक डाव्या हाताला नव्हता, उजव्या हाताला होता, पाण्याच्या टाकीखाली. कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचात. शर्यतीच्या दिवशी तुम्ही एकही पान उलटायचा नाहीत.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून लाल पेन काढून फळ्यापाशी गेले. 'डाव्या' खोडून वर 'उजव्या' लिहिलं आणि छापखान्यात करत तशी समासात खूण केली. फळ्याच्या आसपास त्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं. तिथेच उभं राहून त्यांनी आपल्या फोनची बटणं दाबली.

"बाबा?" पलीकडून आवाज आला.

"पहिल्या शर्यतीपासून सांग," ते म्हणाले. "कितवी आलीस?"