तीन फेरे

इंजिनिअर रौधाने बशीरच्या हातातला पाना हिसकावून घेतला आणि शिडीवर पाय ठेवला.

बिझर्ट बंदराच्या मासळीबाजाराचं नवं छप्पर सहा सळयांनी भिंतीला टांगलेलं होतं. प्रत्येक सळई ताणून बारा मिलिमीटर आखूड केली की छपराची झुकलेली कड वर येणार, असं तिचं संगणकावरचं गणित होतं. सळईच्या मधोमध टर्नबकल, म्हणजे फिरवून सळई ताणायचा आट्यांचा जोड. त्याचे आटे दोन मिलिमीटरचे, म्हणून तिने कागदावर सहा फेरे लिहून दिले होते. म्हाताऱ्या बशीरने मात्र सगळ्या सळयांवर खडूच्या तीनच रेघा ओढल्या होत्या. फेऱ्यागणिक एक रेघ, ही त्याची चाळीस वर्षांची सवय.

ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लेखी दिलेलं पाळायचं नाही, त्यातून बाईने दिलेलं तर मुळीच नाही. सगळ्यांदेखत तिने त्याला फैलावर घेतलं होतं, मुकादमाला सांगून कामावरून त्याचं नावही काढायला लावलं होतं. उरलेले फेरे आता ती स्वतःच देणार होती.

तिने पाना अडकवून जोर लावला. टर्नबकल कुरकुरत अर्धा फेरा फिरलं. सळईचा वरचा भाग त्यात आत सरकला.

खालचाही सरकला.

रौधाचा हात थांबला. आटे दोन्ही टोकांना होते, एकमेकांच्या उलट. म्हणजे एका फेऱ्याला दोन नव्हे, चार मिलिमीटर. छपराची कड तर कालच उंची दाखवायला ताणलेल्या दोरीला लागली होती. मान वर करून बघायची तसदी तिने घेतली नव्हती. सहा फेऱ्यांत भिंतीतले बोल्ट उपटून आले असते. खाली कोळणी सार्डिनच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या.

तिने अर्धा फेरा उलटा सोडला आणि खाली उतरली. बशीर अवजारांची पिशवी बांधत होता.

“मला सांगायचं नाही का, काका?” तिचा आवाज अजून चढाच होता.

“सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, आकडे मी बघते, तू पाना फिरव.”

त्याचं नाव परत लावायला सांगावं म्हणून मुकादमाला हाक मारायला तिने तोंड उघडलं. बशीरने खिशातून तिचाच कागद काढून तिच्यापुढे धरला.

“ते राहू द्या. आधी यावर सहाचे तीन करा. उद्या माझ्या जागी येईल, तो तुमचं ऐकणारा असेल.”